एकशे आठ छायाचित्रांची माळ

मे महिन्याच्या सुट्टीत भाची नाशिकला आली, तेव्हा तिला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके स्मारक दाखवून आणले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी आपल्या पहिल्या चित्रपटाआधी कुंडीत वाटाणा पेरून, त्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत एकेक चौकट, म्हणजे एकेक स्थिर चित्र, टिपली होती आणि पुढे १९१५ साली चक्क आगकाड्या नाचवल्या होत्या, हे तिला वाटेत सांगितले. घरी येताच तिने देवघरातली काडेपेटी उचलली.

सेकंदाला चोवीस चौकटी आणि एक चित्र दोन चौकटींसाठी, म्हणजे सेकंदाला बारा चित्रे, हा वस्तू थोडी थोडी सरकवत छायाचित्रे घेऊन ती चालती भासवण्याच्या, म्हणजे ॲनिमेशनच्या, कामातला रुळलेला हिशेब. आम्ही नऊ सेकंदांचा खेळ ठरवला, तेव्हा छायाचित्रे बरोबर एकशे आठ झाली. माझ्या आईने लगेच जपमाळेची आठवण काढली.

मोबाईल तिकाटण्यावर पक्का बांधून, पाच काड्यांचा माणूस आम्ही दर वेळी नेमका तीन मिलिमीटर सरकवत गेलो आणि तिथेच चुकलो. सलग पाहिल्यावर तो चालत नव्हता, कोणी दोऱ्याने ओढल्यासारखा घसरत होता. हालचाल सुरू होताना अंतर कमी, मध्ये जास्त आणि थांबताना पुन्हा कमी ठेवले, तरच वस्तूला वजन असल्याचा भास होतो. खिडकीतल्या उन्हाने चित्र सारखे लुकलुकत होते, तो भाग वेगळाच. शेवटी पडदे ओढून टेबलावरचा दिवा लावला.

हाताने काढलेल्या चित्रांच्या ॲनिमेशनपटांतही मुख्य चित्रकार हालचालीच्या ठळक अवस्था रेखाटतो आणि मधली चित्रे साहाय्यक भरतात. संवाद बहुधा आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, कारण ओठ आवाजाबरहुकूम हलवावे लागतात. संगणक आता मधल्या अवस्था स्वतः काढतो, पण त्यांच्यातले अंतर त्याच्यावर सोपवले, तर आमच्या पहिल्या फेरीसारखीच निर्जीव घसरगुंडी हाती येते, असे माझे मत आहे.

दुसऱ्या फेरीत उडीआधी सात चित्रे माणसाचे पाय फाकवून त्याला खाली दबवण्यात घालवली. मला तो वेळेचा अपव्यय वाटत होता. रात्री सगळी चित्रे जोडून पाहताना, तो दबला त्या क्षणीच भाची ओरडली, ‘‘मामा, आता हा उडी मारणार!’’