आमची वाटचाल : आधी हवा, मग जेट

आमच्या गॅरेजचे मूळ कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात आहे. वडिलांनी तेथे नोकरी केली आणि ती सोडल्यावर चेंबूरला एक गाळा भाड्याने घेऊन पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, दुरुस्त करण्यास सुरुवात केली. पहिली गिऱ्हाइके टॅक्सीवाले होते; गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडत असे, त्यामुळे दोष पहिल्याच फेरीत सापडणे त्यांच्या दृष्टीने फार मोलाचे होते.

एका पद्मिनीने मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवले. ती आयडलिंगला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसते चालू असताना, मिसिंग मारत होती (मधूनच पेट घ्यायला चुकत होती), पाय दाबला की अडखळत होती, आणि चारही प्लग पांढरेफटक झाले होते. मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, एवढे मी ओळखले आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये मोठा मेन जेट, म्हणजे वेगात पेट्रोल सोडणारे मापाचे छिद्र, बसवून दिला. पिकअप सुधारला, पण पंधरा दिवसांत गाडी परत आली : पेट्रोल जास्त लागत होते आणि आयडलिंगची तक्रार तशीच होती. ती तशीच राहणार होती, कारण आयडलिंगला पेट्रोल पायलट जेटमधून येते, मेन जेटमधून नव्हे.

वडिलांनी इंजिन गरम होऊ दिले आणि चोक, म्हणजे हवा अडवून मिक्श्चरमधले पेट्रोल वाढवणारी झडप, अर्धा ओढला. इंजिन लगेच स्थिर झाले. मग तेलाच्या कुपीने कार्बोरेटरच्या बुडाच्या पॅकिंगभोवती आणि थ्रॉटलच्या (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलच्या, म्हणजे दांड्याच्या, दोन्ही टोकांना थेंब थेंब तेल सोडले. एका टोकाशी तेल पडताच तेथली फट क्षणभर बुजली आणि इंजिनचा आवाज बदलला. स्पिंडल झिजले होते आणि तेथून इंजिन फुकटची हवा घेत होते. बुश (झीज भरून काढणारी कडी) बसवला, मूळ जेट परत लावला, आणि इंजिनची हवा ओढण्याची ताकद दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा, जो 15 इंचांच्या खाली अडकलेला होता, 18 वर जाऊन थांबला.

तेव्हापासून प्रत्येक गाडीची नोंद आम्ही वहीत ठेवतो : प्लगचा रंग, आधीचे आणि नंतरचे व्हॅक्यूम, जेटचा नंबर. दोष फक्त आयडलिंगला असेल तर बहुधा हवेची गळती निघते. चढावर किंवा वेगातच इंजिन मरत असेल, तर पेट्रोल कमी पोहोचत असण्याची शक्यता धरून पंपाचा पडदा, फिल्टर आणि फ्लोटची (कार्बोरेटरमधले पेट्रोल ठरावीक उंचीला राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी आम्ही आधी पाहतो. लीन इंजिन तापते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळते, म्हणून "तूर्तास चालवा" असे आम्ही कुणालाही सांगत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. आता आमच्याकडे हौसेने जपलेल्या फियाट आणि कार्बोरेटरच्या मारुती 800 येतात, आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्न येतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, तर 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेरा पटींच्या आसपास पुरते. ठरावीक जेटचा कार्बोरेटर मात्र जुन्याच प्रमाणात पेट्रोल सोडतो. त्यामुळे गळती नसलेले इंजिनही थोडे लीन चालते. अशा गाडीला, व्हॅक्यूम बरोबर आहे याची खात्री झाल्यावर, पायलट आणि मेन असे दोन्ही जेट आम्ही एकेक पायरीने वाढवतो, आणि रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घालतो. वहीत त्यासाठी आता पेट्रोलचा वेगळा रकाना आखला आहे.