पोटाला ऊब, वाफांना गारवा: अ‍ॅपवरच्या संमोहनाचा माझा अनुभव

पाळी जाण्याच्या काळात आयबीएस (पोटदुखी, जुलाब-बद्धकोष्ठ असा आतड्यांचा त्रास) आणि अंगातून निघणाऱ्या वाफा, दोन्ही एकदम मागे लागल्या तरी आधी तपासण्या, मग संमोहनाच्या सूचना ऐकवणारं अ‍ॅप. मीही तोच क्रम ठेवला. थायरॉइड जरूर बघा, कारण त्या ग्रंथीचं काम वाढलं (हायपरथायरॉइड) तरी घाम आणि जुलाब दोन्ही होतात. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव असेल, तर संमोहनाच्या नादात वेळ घालवू नका. अपस्मार किंवा गंभीर मानसिक आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

पोटासाठीचा ‘नर्व्हा’ अ‍ॅपचा कार्यक्रम 6 आठवड्यांचा, वाफांसाठीचा ‘एव्हिया’ अ‍ॅपचा 5 आठवड्यांचा. दोन्ही एकाच बैठकीत उरकायला जाऊ नका. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी 1984मध्ये आयबीएसवर मांडलेल्या पद्धतीत तळहात पोटावर ठेवून ऊब आत पसरू द्यायची असते. वाफांसाठी नेमकं उलट, गारवा आठवायचा. माझ्या मते आधी जास्त छळणारं दुखणं घ्यावं, दुसरं नंतर.

गारव्याचं चित्र आपलं हवं. बर्फाच्छादित शिखर कानाला छान वाटतं, पण कातडीला ओळखीचं नसतं. वेण्णा तलावावरचं पहाटेचं धुकं, ओल्या बाहीला लागणारा वारा, हे चालतं. वाफ चढायला लागली की लांब श्वास सोडत तेच चित्र समोर आणायचं. रोजचा सराव असेल तरच ते पटकन येतं.

सर्वांत जास्त बिघडतं ते आडवं पडल्यामुळे. जेवून लोळत ऐकलं की पाच मिनिटांत घोरणं सुरू, मग सराव कसला? पाठ टेकून बसा, फोन सायलेंटवर टाका. गाडी चालवताना अजिबात ऐकू नका.

वाफांची नोंद अशी: हलकी 1, मध्यम 2, तीव्र 3, अतितीव्र 4; दिवसाची बेरीज मांडा. सुरू करण्याआधीचा आठवडाही लिहून ठेवा, नाहीतर फरक कशाशी ताडणार? त्याच काळात आहार बदललात तर गुण कशाचा हे कळत नाही. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने सोडू नका.

टेक्सासच्या बेलर विद्यापीठातल्या गॅरी एल्किन्स यांच्या 2013च्या 187 बायकांवरच्या चाचणीत 12व्या आठवड्याला वाफा सरासरी 74 टक्क्यांनी घटल्या, तुलनेच्या गटात 17. पण तिथे दर आठवड्याला समोर थेरपिस्ट होता. अ‍ॅपकडून तेवढीच अपेक्षा ठेवून वर्षाचे पैसे आधीच भरू नका, आणि मोफत चाचणी संपण्याआधी ऑटोपे बंद करा.