जळगावात बसून पुण्याच्या एचआरला दिसायचं कसं, माझा अनुभव

जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत क्वालिटीला होतो. अनुभव बऱ्यापैकी, काम येत होतं, पगार मात्र जागचा हलेना. आमच्याकडे नोकरी बदलायची रीत ठरलेली आहे, कुणाचा तरी मेव्हणा चाकणला असतो, त्याला रिझ्युमे व्हॉट्सॲप करायचा आणि वाट बघायची. तेही केलं, खोटं कशाला बोलू, पण मेव्हण्यांनाही लिमिट असते. आणि तोपर्यंत गावात जो भेटेल तो, "काय भो, लागनी का नोकरी?"

मला खरं कळलं ते चुलत वहिनींमुळे. त्या पुण्यात एका कन्सल्टन्सीत भरतीचं काम बघतात. दिवाळीला अमळनेरला आल्या होत्या तेव्हा पण लॅपटॉप चालूच, म्हटलं दाखवा तरी तुमच्या बाजूने काय दिसतं. आपल्याला दिसते ती नोकरी डॉट कॉम वेगळी आणि त्यांना दिसतं ते रेझडेक्स, म्हणजे त्याच साइटचा भरतीवाल्यांसाठीचा रिझ्युमेंचा साठा, वेगळं. वर शब्द टाकायचे, खाली अनुभव किती ते किती, पगार किती, शहर कोणतं, नोटीस पिरियड किती, आणि हा माणूस शेवटचा कधी ॲक्टिव्ह होता. झालं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मी रिझ्युमे उघडायच्या आधीच माणसं गळून गेलेली असतात, चांगली होती का वाईट हा प्रश्नच येत नाही."

मग शब्दांपासून सुरुवात केली. माझी पोस्ट होती ज्युनिअर ऑफिसर ग्रेड अमुक तमुक, आता पुण्यात बसलेला कोण हे टाइप करणार? तो टाकणार क्वालिटी इंजिनियर, एक्स्ट्रूजन (प्लास्टिक वितळवून साच्यातून पाइप काढणं), यूपीव्हीसी, एचडीपीई (पाइपच्या प्लास्टिकचे प्रकार). आम्ही दिवसभर लॅबमध्ये पाइप फोडतो असं म्हणतो, ते प्रोफाइलवर हायड्रोस्टॅटिक प्रेशर टेस्ट असं लिहिलं. यूपीव्हीसी पाण्याच्या पाइपचं आयएस ४९८५ आणि एचडीपीईचं आयएस ४९८४ हे भारतीय मानकांचे नंबर पण टाकले, कारण या लाइनमधला माणूस शोधायला बसला तर नंबरनेच शोधतो. लिंक्डइनवर हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण आपण काही केलं नाही तर तिथे नुसती पोस्ट आणि कंपनीचं नाव येतं. एवढी जागा फुकट सोडण्यात काही अर्थ नाही, तिथे काम, मटेरियल, आणि पुणे-नाशिकला यायला तयार, सगळं कोंबलं. अर्थात हे सगळं इंग्रजीत, मराठीत सर्च कुणी करत नाही. जे येत नाही ते टाकायचं नाही, मिनिटॅब (क्वालिटीच्या आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) टाकायचा मोह झाला होता पण पहिल्याच प्रश्नाला उघडं पडलो असतो.

आपल्या खानदेशातल्या लोकांचा मोठा घोळ शहराचा. एक मित्र म्हणे सरळ करंट लोकेशन पुणे टाक. मला नाही पटलं, कारण फोन येतो आणि म्हणतात उद्या अकराला या, मग काय रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसला जनरलमध्ये उभं राहून जायचं आणि चुरगळलेल्या शर्टात इंटरव्ह्यू द्यायचा? करंट जळगावच ठेवलं, प्रिफर्डमध्ये पुणे, नाशिक, संभाजीनगर. रिक्रूटरकडे बाहेरून यायला तयार असलेल्यांना पण दाखवा असा पर्याय असतो, तो टिक केला तरच आपण दिसतो, पण आपली प्रिफर्डची जागाच रिकामी असेल तर टिक करूनही काय दिसणार.

लिंक्डइनचं ओपन टू वर्क, म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण, दोन प्रकारे लावता येतं. सगळ्यांना दिसेल असं, फोटोभोवती हिरवी पट्टी येते, किंवा फक्त रिक्रूटर्सना. एमआयडीसीत सगळे सगळ्यांना ओळखतात, सकाळी पट्टी लावली तर दुपारी कँटीनमध्ये सुपरवायझर विचारेल कुठे चालले साहेब. मी फक्त रिक्रूटर्सवाला घेतला. तरी ते शंभर टक्के झाकलेलं नसतं हे लक्षात ठेवा, आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून लपवायचा लिंक्डइनवाले प्रयत्न करतात, गॅरंटी देत नाहीत. नोकरी डॉट कॉमवर मात्र आपली कंपनी ब्लॉक करायची सोय आहे, ती आधी वापरली.

रोज सकाळी चहा घेता घेता लॉगिन करून एखादी ओळ इकडची तिकडे करायचो. टोटका वाटतो ना, पण ती शेवटचा कधी ॲक्टिव्ह होता वाली चाळणी आठवा.

मग फोन सुरू झाले, आणि आधी आले ते इन्शुरन्स विकायचे. नंतर रजिस्ट्रेशन फी भरा म्हणणारे, त्यांचा फोन तिथेच कट, नोकरी देणारा पैसे मागत नसतो. कामाचे फोन थोडेच आले, पण जे आले ते पाइपचेच. त्यातल्या एकाने ऑनलाइन इंटरव्ह्यूत विचारलं, टेस्टला पाइप फुटला तर लाइनवर काय काय बघशील, मी मिक्सरपासून डायपर्यंत बोलत सुटलो कारण तेच तर रोज करत होतो. ऑफर आली, पगाराची घासाघीस झाली, त्याचं वेगळं पुराण आहे.

जुन्या प्लांटमधली पोरं आता मला रिझ्युमे पाठवतात. बहुतेक सायबर कॅफेत केलेले, चारी बाजूंनी बॉर्डर, आत टेबल, वडिलांचं नाव, आणि वर तो मोबाइलने फोटो काढून पीडीएफ केलेला. त्यांना एकच सांगतो, पीडीएफ उघड, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट कर, काहीच उमटलं नाही तर साइटला पण तुझ्या रिझ्युमेत काही सापडणार नाही, आधी वर्डमध्ये साधा टाइप करून आण, मग बघू पुढचं.