‘ऑन द लाइट’ म्हटलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजी शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो: “ ‘ऑन द लाइट’ म्हटलं की समोरचा दिवा लावतो. मग चुकलं कुठे?”

दिवा लागतो, खरंय. पण वाक्यात क्रियापदच नसतं. मराठीत ‘लाइट ऑन कर’ म्हणताना क्रियापदाचं काम ‘कर’ करतं. इंग्रजीत जाताना आपण ते ‘कर’ मागे सोडतो आणि नुसतं ‘ऑन’ घेऊन जातो. तिथे ‘कर’च्या जागी ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ हवं. ‘ओपन द लाइट’ तर नकोच. उघडायचं ते दार.

‘टर्न’ का, तर फिरवण्यावरून. 1807 मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. पुढे असे दिवे घराघरांत आले, आणि तोटी फिरवल्याशिवाय त्यांना गॅस मिळत नसे. विजेची बटणं आली तरी शब्द टिकला. म्हणून पाण्याच्या नळालाही ‘टर्न ऑन’ चालतं. ‘स्विच ऑन’ चालत नाही, ते विजेवरच्या वस्तूंसाठी. आपणही दिवा लावतो, नळ सोडतो, गाडी सुरू करतो. ‘नळ लाव’ म्हटलं तर कानाला खटकतंच ना?

खरी अडचण ‘इट’ची. ‘टर्न ऑन द फॅन’ बरोबर, ‘टर्न द फॅन ऑन’ही बरोबर. पण पंख्याऐवजी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं: ‘टर्न इट ऑन’. माझ्या एका विद्यार्थिनीने वहीत ‘टर्न ऑन इट’ लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. मी शेजारी दुसरं वाक्य लिहिलं: ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’, कुत्रा त्याच्यावर उलटला. इथे ‘ऑन’ म्हणजे आपलं ‘-वर’. ते ‘हिम’ला धरून असतं, जागचं हलत नाही. पंख्याचं ‘ऑन’ मात्र ‘टर्न’चं, म्हणून ते शेवटी जाऊ शकतं.

मग दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली. कुत्र्याच्या वाक्यात जोर ‘टर्न्ड’वर, पंख्याच्या वाक्यात ‘ऑन’वर. चार-पाच वेळा म्हटल्यावर तिने पेन उचललं, ‘इट’भोवती गोल केला आणि बाण काढून ते मधे नेलं.

“ ‘ऑफ’चंही असंच?”

हो. ‘टर्न इट ऑफ’.