डाक्टर, साप जेवून नाही राहिला

माझं काम गाई-म्हशी-बकऱ्यांचं. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी खाजगी प्रॅक्टिस करतो, पंधरा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला फोन वाजला की समजायचं, म्हैस अडली नाहीतर बकरी फुगली. संक्रांतीच्या आठ दिवस आधी असाच फोन आला, थंडी अशी की ब्लँकेटमधून हात काढायची हिंमत नव्हती, अन् तिकडून एक पोरगा म्हणतो, "सर, लड्डू जेवून नाही राहिला."

म्हटलं कोण लड्डू, कुत्रा का?

"नाही सर. साप."

मी उठूनच बसलो. पहिलं त्याला हेच विचारलं की बाबा आपल्याकडचा अजगर-बिजगर तर नाही ना धरून ठेवला, कारण तसं असेल तर मी येणार नाही, वनखात्याला फोन कर. आपल्याकडचा साप घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तो बिनविषारी असो की पाळणाऱ्याचा कितीही जीव असो त्याच्यावर. तर म्हणे नाही सर, बॉल पायथन आहे, आफ्रिकेतला, पुण्याला डिप्लोमा करताना घेतला, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही केलीय. व्हॉट्सअॅपवर कागद पाठवले अन् फोटो पाठवला. काळपट अंगावर पिवळसर-तपकिरी डाग, डोकं छोटंसं, अन् अंगाचा घट्ट गोळा करून बसलेला. घाबरला की हा असाच गोळा होतो अन् डोकं मधात लपवतो, म्हणून बॉल. अन् म्हणूनच लड्डू.

आता खरं सांगतो, कॉलेजात आम्हाला साप म्हणजे सर्पदंश झालेला बैल एवढाच यायचा. पण पोरगा रडकुंडीला आला होता म्हणून गेलो.

घर गावाच्या कडेला, शेताला लागून, वर टिनाचं छप्पर. काचेची पेटी समोरच्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला, म्हणजे आला-गेला प्रत्येक माणूस आधी पेटीवर टकटक करणार मग पाणी पिणार. पोरगा मात्र नेटका, वहीत सगळं लिहून होता. शेवटचा उंदीर दसऱ्याच्या आठवड्यात खाल्ला, त्यानंतर तीन महिने काहीच नाही. तेव्हा वजन ७१५ ग्रॅम. म्हटलं आता किती? तर घरी ग्रॅमचा काटा नाही. मग लड्डूला उशीच्या खोळीत घातलं, तोंड बांधलं अन् चौकातल्या किराण्याच्या इलेक्ट्रिक काट्यावर नेलं. दुकानदार म्हणे, "का आहे जी याच्यात?" पोरगा बोलून गेला, भरताचे वांगे. ६५५ भरलं. अन् तेवढ्यात वांगं हललं. दुकानदार गल्ला उघडा टाकून थेट रस्त्यावर. तो मला आजही राम राम घालत नाही.

साठ ग्रॅम कमी म्हणजे साडेआठ टक्क्यांच्या आसपास. तीन महिन्यांत एवढं म्हणजे लक्ष ठेवायचं, पण धावपळ करण्यासारखं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा नाही कळलं. तेव्हा मी आइस्क्रीमच्या काडीनं तोंड उघडून पाहिलं, आत स्वच्छ गुलाबी, कुठं पू नाही, फेस नाही, श्वासात घरघर नाही, अंगावर गोचिडीसारखं काही नाही. मग काहीतरी सांगायला तर पाहिजे ना, डॉक्टर आहो आपण, म्हणून मी म्हटलं रोज संध्याकाळी उंदीर दाखवत जा, कधी ना कधी घेईल.

हा माझा सल्ला साफ चुकीचा होता. रोज दाखवला की तो रोज घाबरणार, रोज गोळा होणार. अन् वरून संक्रांत आली. हळदीकुंकवाला आलेल्या पंचवीस-तीस बाया वाण घेतलं की पेटीपुढं, कोणी काचेला नाक लावते, कोणी लेकराला उचलून दाखवते, एकीनं तर झाकणाच्या फटीतून तीळगूळ टाकला. शेजारचे काका म्हणे अहो त्याला आफ्रिकेची चव लागली, सावजी रस्सा करून द्या, कसा नाही खात पाहतो. पोरानं व्हिडिओ पाहून उंदराला कोंबडीची पिसं घासून पाहिली, वासानं खातात म्हणे काही. लड्डू ढिम्म.

फक्त आजी बोलत नव्हती. ती त्या खोलीत पायच ठेवत नव्हती. तिच्या हिशोबानं नागोबाला पेटीत कोंडणं म्हणजे घरावर आपण होऊन आफत आणणं. एकदा वाटीभर दूध मात्र पेटीपाशी ठेवून गेली होती, मी म्हटलं आजी साप दूध नाही पीत, तर म्हणे, "तुमी गाईचे डाक्टर ना बाप्पा? मंग गाईचंच पाहा."

मला लागलं ते. खरंच होतं म्हणून जास्त लागलं.

रात्री नागपूरच्या कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला, तो अशाच विचित्र जनावरांमध्ये रमलेला माणूस. मी म्हटलं ट्यूबनं काही पोटात टाकू का, बी-कॉम्प्लेक्स मारू का. तो म्हणे, "काही करू नको." मग दोन मिनिटं शिव्या देऊन झाल्यावर त्यानं नीट समजावलं. हा साप उपासाचा पट्टीचा आहे, थंडीच्या दिवसांत महिनोन्महिने जेवत नाही अन् तरी ठणठणीत असतो. पण आधी पेटीच्या तळाचं टेम्परेचर सांग, म्हणे. मी म्हटलं काचेवर पट्टी आहे, तीस दाखवते. तो म्हणे साप काचेवर चिकटून बसतो का बे? तळाचं सांग.

माझ्याकडं लसींचा फ्रिज आहे, त्याला वायर असलेला डिजिटल थर्मामीटर लावलेला असतो, कारण लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच काढून नेला. वायरचं टोक पेटीच्या तळाला ठेवलं, गरम बाजूला २५, दुसऱ्या बाजूला १८. रात्री लाइट गेली की हीटिंग मॅट थंड, टिन गार, अन् हा बिचारा पश्चिम आफ्रिकेतला, त्याला एका बाजूला ३२ च्या आसपास अन् दुसऱ्या बाजूला २६-२७ लागतं. सापाच्या अंगात स्वतःची उष्णता नसते, बाहेरून मिळाली तरच खाल्लेलं पचतं, नाहीतर उंदीर पोटातच सडतो अन् उलटून पडतो. म्हणजे लड्डू जेवत नव्हता ते बरोबरच करत होता. आजारी वगैरे काही नव्हता, आमच्यापेक्षा त्याला जास्त अक्कल होती एवढंच.

मग पेटी उचलून धान्याच्या खोलीत नेली, तिथं अंधार, कोणाचं येणं-जाणं नाही. तीन बाजूंनी थर्माकोल. पोरगा इलेक्ट्रिकलचा, त्यानं अंडी उबवायच्या मशीनचा थर्मोस्टॅट मॅटला जोडला अन् सगळं इन्व्हर्टरवर टाकलं. राहिली लपायची जागा. आधी त्यात एक मोठा प्लास्टिकचा गुहेसारखा तुकडा होता, दुकानातला, दिसायला छान, पण एवढा ऐसपैस की साप आत बसूनही उघड्यावरच. मित्र म्हणाला होता की आफ्रिकेत हे उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात राहतात, अंगाला चारी बाजूंनी टेकलं पाहिजे.

वारूळ हा शब्द आजीनं ऐकला. काही बोलली नाही. थोड्या वेळानं मागच्या अंगणातून दोन गाडगी घेऊन आली, एकाचा काठ फुटलेला, दुसऱ्याला तडा. दारातूनच नातवाच्या हातात दिली. "उलटे ठेव. अन् एक जरासं ओलं कर, आत गारवा-ओल राह्यते वारुळात."

एक गरम बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. लड्डू पंधरा मिनिटांत तडकलेल्या गाडग्यात शिरला, आणि त्याला तिथं बसलेलं पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हां, हे जमलं. नऊ दिवस कोणी हात लावायचा नाही, उंदीर दाखवायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. पोराला हे औषधापेक्षा जड गेलं. रोज फोन, सर एकदा पाहू का. नाही. सर नुसतं झाकण. नाही. खरं तर मलाही जड जात होतं, आपण इंजेक्शन मारून पैसे घेणारी माणसं, नुसतं थांबायला लोक डॉक्टर बोलवत नाहीत.

दहावा दिवस. त्या दिवशी सकाळपासून एका गाईचं अंग बाहेर आलं होतं त्यात अडकलो, दुपारचं जेवण नाही, संध्याकाळी सहाला पोचलो ते शेण अन् डेटॉलच्या वासासकट. म्हणून मी पेटीपासून लांब, दारात. उंदीर पुण्याहून बर्फात मागवलेले, गोठवलेले. जिवंत सोडत नाहीत, कारण साप भुकेला नसला तर उंदीरच त्याला कुरतडून जखमी करतो. अन् शेतातला उंदीर तर नाहीच, आमच्याकडं कोणत्या बांधावर झिंक फॉस्फाइड, म्हणजे उंदीर मारायचं विष, पडलं असेल सांगता येत नाही. ५० ग्रॅमचा एक उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये खाली ठेवून सुटा केला होता, आता पिशवीत घालून कोमट पाण्यात. माझा फ्रिजवाला थर्मामीटर परत कामाला आला, अंगाला लावून ३८ झालं तेव्हा बाहेर. मग वहिनीच्या हेअर ड्रायरनं डोकं आणखी गरम केलं, कारण या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खड्डे असतात अन् त्यानं त्याला अंधारातही गरम वस्तू दिसते. घरातल्या उंदरांना कधी कोणी असं न्हाऊ-माखू घातलं नव्हतं, असं काका म्हणे.

लाइट बंद, दिवा फक्त बाहेरच्या खोलीतला. पोरगा गुडघ्यावर, हातात माझी लांब फोर्सेप, म्हणजे चिमटा. बाकी सगळं घर माझ्या मागं दारात, श्वास धरून. गाडग्याच्या फुटक्या काठातून आधी नाक दिसलं, मग अर्धं डोकं. जीभ बाहेर-आत, बाहेर-आत, हळूहळू. उंदीर बोटभर हलला. डोकं थोडं पुढं आलं...

अन् आजोबांच्या खिशातला मोबाइल वाजला. फुल आवाज, भजन.

डोकं गायब. सगळं घर आजोबांवर तुटून पडलं, तेही कुजबुजत, ते पाहण्यासारखं होतं. आजोबा म्हणे, "अबे मले का मालूम, त्याले भजन नाही आवडत म्हून?" त्यांना मोबाइलसकट अंगणात बसवलं.

उंदीर परत पाण्यात, परत ड्रायर. मी मनातून सोडून दिलं होतं, अजून दहा दिवस थांबू म्हणून. पोराचा हात थरथरत होता. पाच मिनिटं काही नाही, सात मिनिटं काही नाही. मग डोकं आलं, या वेळी मानेचा मागचा भाग दोनदा वळून घट्ट झाला, जीभ एकदम संथ झाली अन् क्षणभर थांबलीच. पुढचं मी पाहिलं नाही असंच म्हणावं लागेल, एवढं झटक्यात झालं. फटकन आवाज, फोर्सेप खाली, अन् उंदीर तीन वेढ्यांच्या आत. मेलेला उंदीर होता तरी त्यानं चांगली पाच मिनिटं आवळला, पद्धत म्हणजे पद्धत. मग नाकानं चाचपत डोकं शोधलं अन् डोक्याकडून सुरुवात. जबडा एकदा डावा पुढं, एकदा उजवा, जसं कोणी जड पोतं दोन्ही हातांनी आलटूनपालटून ओढतं तसं. शेपूट आत जायला वीस मिनिटं लागली. मग मोठी जांभई दिली, जबडे जागेवर बसवले, अन् गाडग्यात परत.

कोणी टाळी वाजवली नाही, मी आधीच दम देऊन ठेवला होता. पोरगा उठला अन् भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत बसला, मी पाहिलं नाही असं केलं. म्हटलं दोन दिवस अजिबात हात लावायचा नाही अन् पुढचा उंदीर आठ-दहा दिवसांनी.

आजी चुलीपाशी होती. "जेवला का?"

"जेवला आजी."

"मंग तुमी बी बसा. सकाळपासून काही खाल्लं नाही असं दिसून राह्यलं तोंडावरून."

ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी अन् ठेचा. फीचं विचारलं तर मलाच आकडा सुचेना, मग निघताना त्यांनी गाडीला नव्या तुरीची डाळ अडकवली, पाच किलो तरी असेल.

घरी आल्यावर रजिस्टर भरायला बसलो. जनावर या कॉलमात गाय, म्हैस, बकरी, कुक्कुट, इतर एवढंच छापलेलं आहे, तिथं इतरवर टिक केली. आजार : काही नाही. उपचार या कॉलमात बराच वेळ पेन टेकवून बसलो अन् मग लिहिलं, गाडगी, २ नग.