रविवार गेला एका एक्सेल शीटमध्ये

अर्धा तास म्हणून बसलो आणि उठलो तेव्हा चहावर साय धरली होती. आई जेवायला दुसऱ्यांदा हाका मारत होती. ‘काउबॉय बीबॉप’च्या साउंडट्रॅक अल्बमांची नोंद करत होतो. ही जपानी अ‍ॅनिमे मालिका १९९८ची, भाग २६, संगीत योको कान्नो आणि तिच्या सीटबेल्ट्स बँडचं.

मी समजत होतो, भागाच्या शेवटी वाजणारं ‘द रिअल फोक ब्लूज’ पहिल्याच अल्बमवर असणार. तिथले १७ ट्रॅक दोनदा मोजले. नाहीच! ते सापडलं ‘व्हिटॅमिनलेस’ नावाच्या छोट्या अल्बमवर.

पण खरी गंमत ‘रेन’ची. पाचव्या भागात मालिकेचा नायक स्पाइक चर्चकडे चालत जातो तेव्हा गाते ती माई यामाने. अल्बमवर तेच गाणं स्टीव्ह कॉन्टीच्या, म्हणजे चक्क पुरुषाच्या आवाजात! इतकी वर्षं दोन्ही ऐकतोय आणि माझ्या लक्षातच आलं नाही. धन्य ते कान! निमूटपणे शीटमध्ये ‘भागात कोण गातं’ असा नवा रकाना टाकला.

‘ब्लू’ अल्बम अजून बाकी आहे. ताट वाढताना आई म्हणाली, “मघाशी ती बाई गात होती ना, ते परत लाव.”