निळं पाणी, गढूळ पाणी

जानेवारी, लुआंग प्राबांग

सकाळ निळ्या पाण्यात गेली आणि जेवणानंतरचा वेळ गढूळ पाण्याच्या काठी. आत्या केव्हाच झोपली. मी मात्र लिहूनच झोपणार आहे, कारण उद्या फोटो बघायला बसलो की सगळं निळ्या रंगातच वाहून जाईल, आणि आज मला जास्त विचार करायला लावला तो दुसऱ्या पाण्याने.

कुआंग सीचा धबधबा शहरापासून २९ किलोमीटरवर आहे. व्हॅनने तासभर लागतो. रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातखाचरं, मधूनच रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी. आम्ही मुद्दाम सकाळी लवकर निघालो. दहाच्या पुढे व्हॅनची रांग लागते आणि मग डोहात पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. लाओसमधली जानेवारीतली सकाळ चांगलीच गार असते. आत्या शाल गुंडाळून बसली होती आणि बॅगेत पोहायचे कपडे होते. व्हॅनवाल्याने आरशातून तिच्याकडे बघून हाताने पोहल्यासारखं करून दाखवलं आणि भुवया उंचावल्या. तिने ठामपणे मान हलवली.

आत शिरल्यावर पाण्याच्या आधी अस्वलं लागतात. ही आशियाई काळी अस्वलं, छातीवर पांढरट चंद्रकोर असलेली. औषधात वापरायच्या पित्तासाठी पिंजऱ्यात डांबलेली किंवा चोरट्या व्यापारातून सुटलेली अस्वलं २००३ पासून इथे सांभाळतात. एक अस्वल लाकडी माचावर उताणं पडून पोट खाजवत होतं. लोक हसत होते, मीही हसले, आणि मग फलकावरचा पित्त काढण्याच्या पद्धतीचा मजकूर वाचून तिथे फार वेळ उभं राहवलं नाही. पुन्हा कधी आले तर इथे जास्त वेळ ठेवीन. निदान तिकिटाचे पैसे देऊन नुसतं पुढे निघून जायचं नाही.

आणि मग झाडीतून पहिला डोह दिसतो. फोटो हजारदा पाहिलेले असतात, तरी पाय थांबतात. निळा म्हणावा तर त्यात दूध मिसळल्यासारखा, हिरवा म्हणावा तर तोही नाही. आत्या म्हणाली, "अगं, यात काही टाकलंय का?"

टाकलेलंच आहे, पण डोंगराने. हा सगळा चुनखडीचा मुलूख. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातला चुना विरघळवत खाली येतं. जमिनीबाहेर येऊन ते कड्यावरून आपटलं, पसरलं, फेसाळलं की तो वायू उडून जातो आणि पाण्याला एवढा चुना पोटात धरून ठेवता येत नाही. तो बसायला लागतो. बंबाच्या तळाशी साठणारा पांढरा थर तो हाच, फक्त इथे बंब पेटलेला नाही. बसतो तोही सगळीकडे सारखा नाही. जिथे पाणी पातळ होऊन वेगाने काठावरून सांडतं तिथे वायू जास्त उडतो, म्हणून चुनाही तिथेच जास्त धरतो. काठ उंच होतो, मागे पाणी जास्त साठतं, आणि पुन्हा त्याच काठावरून सांडतं. म्हणजे हे डोह पाण्याने खोदलेले नाहीत, पाण्याने बांधलेले आहेत. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण काठाला डोळे लावून बघितलं तेव्हा खरं कळलं. एक पान काठाच्या शेवाळात अडकलं होतं. देठाकडचा भाग अजून तपकिरी, लवचीक होता. टोकाकडच्या अर्ध्या भागावर मात्र खरखरीत पांढरट कवच चढलेलं, आणि त्या कवचाखालून शिरा स्पष्ट दिसत होत्या. शेजारच्या काटकीवर तर कवचच कवच, लाकूड कुठे संपलं ते सांगता येत नव्हतं. त्या काठाचा पुढचा थर म्हणजे हे पान आणि ही काटकी. मी त्याला हात लावला नाही.

निळा रंगही त्याच चुन्याची करामत. पाणी मुळातच प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं. त्यात चुन्याचे अतिबारीक कण तरंगत असले की ते उरलेला निळा-हिरवा भाग चहूकडे उधळतात, आणि खालचा तळ पांढरा असल्यामुळे तोही उजेड परत पाठवतो. पावसाळ्यात पाणी वाढून माती मिसळली की हा रंग जातो. म्हणून यायचं तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच.

सगळ्या डोहांत उतरता येत नाही. काही ठिकाणी स्पष्ट पाट्या आहेत आणि मुख्य धबधब्याच्या पायथ्याशी तर पोहायला मनाईच आहे. लोक पाटीखालीच बॅग ठेवून उतरतात हे पाहून मला खरंच वाईट वाटलं. चुन्याचा काठ दिसतो दणकट, पण वरचा थर ठिसूळ, सच्छिद्र आणि जिवंत असतो. त्यावर शेवाळ वाढतं आणि त्या शेवाळावरच नवा चुना धरतो. एका टाचेने मोडलेला कोपरा भरून यायला किती पावसाळे जातील कोण जाणे. दुसरं, अंगाला सनस्क्रीन फासून उतरायचं नाही. झाडांची सावली एवढी दाट आहे की त्याची गरजही नाही. आणि कपडे: लाओ लोक स्वतः पूर्ण कपड्यांत पोहतात आणि पाहुण्यांनीही अंग झाकून वावरावं अशी त्यांची अपेक्षा असते. आत्याचा सलवार-कमीज इथे अगदी शोभून दिसला. लाकडी खोपटात कपडे बदलून ती बाहेर आली तेव्हा डोहाच्या काठावर बसलेल्या एका लाओ आजींनी तिला सरकून जागा दिली.

पाणी थंड. पहिल्या पावलाला श्वास अडकतो, पोटापर्यंत गेलं की बोलणं बंद होतं. धीर करून एकदम खांद्यापर्यंत बसावं, मग मिनिटभरात शरीर समजून घेतं. आत्या विहिरीत पोहायला शिकलेली, पाठीला भोपळा बांधून. तिने आधी काठी टाकून तळ पाहिला. बरोबर केलं. स्वच्छ पाणी फसवतं. प्रकाश पाण्यातून बाहेर पडताना वाकतो, त्यामुळे सरळ वरून पाहिलं तर डोह खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशच वाटतो. कमरेएवढं दिसणारं पाणी छातीला लागतं, आणि उलट दुधाळ भागात तळाजवळचा ओंडका दिसतच नाही. शेजारी दोन पोरं झाडावरून उडी मारायच्या तयारीत होती. आत्याने त्यांना मराठीतच दटावलं, "ए, आधी खाली उतरून बघा रे!" भाषा कळली नसेल, पण पोरं उतरली आणि पाण्यातून चालत तळ चाचपून आली. मग मारली उडी.

तळाला मऊ, पिठूळ गाळ आहे. पाय टेकला की पांढरा ढग उठतो आणि सावकाश बसतो. निश्चल उभं राहिलं की बोटाएवढे मासे येऊन पावलांची मेलेली कातडी टोचतात. गुदगुल्या होतात, पण दोन-चार मिनिटं सहन केलं तर मजा वाटायला लागते. मी काठाखाली जिथे पडद्यासारखं पाणी पडतं तिथे पाठ देऊन उभी राहिले. खांदे, मान, कमर, सगळं त्या धारेने चेपून काढलं. आत्या मात्र मधोमध पाठीवर पडून राहिली, कान पाण्यात, डोळे झाडांकडे. किती तरी वेळ. घरी तिला असं स्वस्थ पडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तिथे तिच्या हातात नेहमी काहीतरी असतं, निवडायची भाजी, कुणाचं पोर, नाहीतर फोनवर कुणाची तरी अडचण. इथे हात रिकामे होते आणि तिला त्याची सवय करून घ्यायला जरा वेळ लागला, असं मला काठावरून दिसत होतं. आधी मुठी मिटलेल्या होत्या, मग बोटं उघडली.

वरचा मोठा धबधबा आम्ही पुलावरून पाहिला. उंच, तीन टप्प्यांचा, तुषारांनी चेहरा भिजवणारा. वर जायची पायवाट आहे, निसरडी आहे, आम्ही गेलो नाही. साडेदहाला गर्दी झाली आणि आम्ही निघालो.

शहरात परतलो तेव्हा भूक कडकडून लागली होती. मेकाँगच्या काठावरच्या मांडवात बसलो. बांबूच्या टोपलीतला चिकट भात, हाताने गोळा करून खायचा, आणि खाइपेन, म्हणजे नदीतलं शेवाळ थापून त्यावर तीळ, लसूण, टोमॅटोच्या चकत्या लावून वाळवलेलं आणि तळलेलं. आत्याला फारच आवडलं. सोबतच्या तिखट चटणीत बहुतेक वेळा म्हशीचं कातडं असतं, हे आधी विचारून घेतलं ते बरं झालं. आत्याने वाटी माझ्याकडे सरकवली. शाकाहारी मंडळींनी इथे प्रत्येक चटणीबद्दल विचारावंच, माशाचं खारं पाणी तर सगळीकडे असतं.

मग नुसतं बसलो. अंग हलकं झालेलं, केस अजून ओले, समोर मेकाँग. तिबेटच्या पठारावरून निघून सहा देशांतून जाणारी नदी, ४,००० किलोमीटरहून लांब. सकाळच्या निळाईनंतर हिचा रंग आत्याला पटेना. तपकिरी, त्यात हिरवट झाक. "हिच्यात नाही हो पोहणार मी," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. पावसाळ्यात नदी कित्येक मीटर चढते, आणि ओसरली की काठाचा जो उतार उघडा पडतो त्यावर लोक वाफे काढतात. घेवड्याचे वेल बांबूंवर चढवलेले, खाली लेट्यूस, कोथिंबीर, कांद्याची पात. एक बाई दोन झाऱ्या घेऊन पायऱ्या उतरत होती, नदीत बुडवायची, वर यायची, वाफ्यांना पाणी द्यायची. आत्या उठून तिच्याजवळ गेली. दोघींनी खुणांनी काय बोलणं केलं कळलं नाही, पण आत्या परत आली ती चिमूटभर माती हातावर घेऊन. बोटांत चुरडून दाखवली. "बघ, खताची गरजच नाही हिला. लोण्यासारखी माती आहे." दर पावसाळ्यात नदी वाफे बुडवते आणि जाताना नवा थर टाकून जाते. ते गढूळपण म्हणजे हीच माती, वाटेत असलेली.

मी तिला २०१९ च्या शेवटची गोष्ट सांगितली. त्या हिवाळ्यात थायलंड-लाओस सीमेवर मेकाँग काही ठिकाणी निळी झाली होती. लोक फोटो काढायला काठावर आले. पण मच्छीमार हादरले होते. पाणी कमी, वेग कमी, गाळ वाटेतच बसलेला, म्हणून नदी नितळ आणि निळी. मेकाँग नदी आयोगानेही कारण हेच दिलं: कमी प्रवाह आणि घटलेला गाळ. गाळ नसलेलं पाणी उपाशी असतं, ते काठ आणि तळ खरवडतं. माशांना गाळाबरोबर येणारं पोषण मिळत नाही. वर चीनमध्ये मुख्य प्रवाहावर धरणांची रांग आहे, लुआंग प्राबांगच्या खाली शायाबुरीचं धरण ऑक्टोबर २०१९ पासून वीज देतंय, १,२८५ मेगावॉट, त्यातली बहुतेक थायलंडला जाते. आणि आता शहराच्या वरच्या अंगालाही एक धरण बांधलं जातंय. हे शहर १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, ते मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधल्या या जागेसकट.

आत्या बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे सकाळचं निळं ते भरल्या पोटाचं, आणि हिचं निळं ते रिकाम्या पोटाचं." मी इतका वेळ जे फोड करून सांगत होते ते तिने एका वाक्यात मांडलं. तिथे रंग आला तो पाण्यात चुना होता म्हणून. इथे रंग आला तो पाण्यातली माती गेली म्हणून. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले तर एकसारखेच सुंदर दिसतील, आणि याचीच मला धास्ती वाटते. आपण पाण्याचं आरोग्य निळाईवरून जोखायला शिकलोय. पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत नदी निळीच असते.

त्या बाईचे वाफे वरून सोडलेल्या पाण्याने अवेळी बुडू शकतात, भर उन्हाळ्यातही, हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती पुन्हा खाली बघायला लागली. तिने विचारलं, "तिला आधी कळवतात का?" मेकाँगच्या काठच्या गावांची ही जुनीच तक्रार आहे, की सूचना वेळेवर पोचत नाही. आणि हीच नदी पुढे व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते तिथला त्रिभुज प्रदेश, लक्षावधी लोकांच्या भाताचा, याच गाळावर उभा आहे आणि आत्ताच खचतोय.

दोनच्या सुमाराला खोलीवर यायला निघालो तेव्हा आत्याने त्या बाईकडून कोथिंबिरीची जुडी विकत घेतली. खोलीत चूल नाही, काही नाही. बाईने सांगितले तेवढे किप, म्हणजे इथले पैसे, तिने मोजून दिले आणि जुडी वाटेत जेवणाच्या मांडवातल्या मुलीच्या हातात ठेवली. उद्या नाम खानवरच्या बांबूच्या पुलाने पलीकडे जायचं ठरलंय. तो दर वर्षी पाणी ओसरलं की बांधतात आणि पावसाळ्याआधी काढतात. तिकडच्या काठालाही वाफे आहेत म्हणे, आत्याला ते बघायचेत.